अळ्या, वह्या आणि तणांचा वाफा

शाळेच्या बागेविषयी काही विचारायचं असेल तर लिहा, असं मागच्या अंकात म्हटलं होतं. टेबलावर पत्रांचा ढीग पडला. त्यातली निम्मी पत्रं एकच प्रश्न विचारतात: बाग छान कशी दिसेल? या सगळ्यांची आधीच माफी मागते. एकतीस वर्षं मी जीवशास्त्र शिकवलं आणि त्यातली बरीचशी वर्षं मुलांबरोबर बागेत उकिडवं बसून काढली, पण आमची बाग छान अशी कधी दिसलीच नाही. पाहुणे आले की मुख्याध्यापक त्यांना पलीकडच्या दाराने आत न्यायचे. तेव्हा सजावटीचे प्रश्न बाजूला ठेवून उरलेली पत्रं घेतली आहेत.

आमच्या बागेत लिंबाची दोन मोठी झाडं आणि गुडघ्याएवढं एक रोप आहे. तिन्हींवर सध्या अळ्या आहेत आणि पानं कुरतडली जात आहेत. पाचवीच्या मुलांनी तर अळ्यांना नावंसुद्धा ठेवली आहेत. व्यवस्थापन म्हणतं, सुट्टीच्या दिवशी फवारणी उरकून घ्या. मुलांना काय सांगू? — एक शिक्षिका

मुलांना काही सांगायच्या आधी फवारणीवाल्याला 'येऊ नका' म्हणून सांगा. नंतर भिंग घेऊन झाडाजवळ जा आणि एवढंच पाहा: अळ्या काळपट-तपकिरी आहेत का? अंगावर पांढरा डाग आहे का? लांबून पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखी दिसते का? दिसत असेल तर ती एका फुलपाखराची अळी आहे. मोठी झाली की ती पानासारखी हिरवीगार होते. काडीने हलकेच डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी, दोन टोकांचं शिंगासारखं काहीतरी बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. शत्रूला पळवून लावायची ही तिची युक्ती. आमच्या वर्गात तो वास पहिल्यांदा आला, तेव्हा डबा कुणाचा उघडा आहे यावर पाच मिनिटं भांडण झालं होतं. अळी चावत नाही, तिच्यामुळे खाजही येत नाही. पण मुलांना एकदाच डिवचू द्या. दर वेळी शिंग काढायला तिला कष्ट पडतात.

आता झाडांचं. मोठ्या झाडांना काही होत नाही, चार पानं गेली तर आठ फुटतात. काळजी आहे ती रोपाची, कारण चार-पाच अळ्या त्याचा खराटा करू शकतात. रोपावरच्या अळ्या पानासकट उचलून मोठ्या झाडावर सोडा. हे काम मुलांनीच करायचं. एका मोठ्या झाडावर 'हे अळ्यांचं झाड' अशी पाटी लावून टाका, म्हणजे व्यवस्थापनालाही कळेल की हा हलगर्जीपणा नाही, अभ्यास चालू आहे. पाटीचा उपयोग मी स्वतः पाहिलाय.

पुढे काय काय दिसेल ते मुलांना आधीच सांगू नका. तुमच्यासाठी म्हणून लिहिते. मादी कोवळ्या पानावर पुढचे पाय टपटप आपटते, तेव्हा ती पायांनी पानाची चव घेत असते. चव पटली तरच टाचणीच्या डोक्याएवढं फिकट पिवळं अंडं ठेवते, सहसा एका जागी एकच. उबदार हवेत अंडं ३-४ दिवसांत फुटतं. पिल्लू बहुधा आधी स्वतःच्या अंड्याचं कवच खातं आणि मग पानाकडे वळतं. दोन-तीन आठवडे खाण्यात जातात, त्यात ती चारदा कात टाकते. मग कमरेला रेशमाचा एक धागा बांधून, थोडं मागे रेलून कोष करते. कोषाचे साधारण ८-१० दिवस धरा.

बरणीत पाळायची असेल तर तोंडाला कापड बांधा, रोज ताजी पानं द्या, विष्ठा काढा, बरणी उन्हात ठेवू नका. आत एक उभी काडी हवीच. फुलपाखरू बाहेर आलं की त्याला लटकायला आणि पंख पसरायला जागा लागते. ती मिळाली नाही तर पंख चुरगळलेलेच वाळतात, ते कायमचे. बाहेर येताना लालसर थेंब पडेल, मुलं 'रक्त' म्हणून ओरडतील. ते रक्त नसतं, कोषात साठलेला टाकाऊ द्रव असतो.

आणखी एका गोष्टीची तयारी ठेवा. एके वर्षी आमच्या बरणीतल्या कोषावर सगळा वर्ग डोळे लावून बसला होता. ठरल्या दिवशी कोषाला बारीकसं भोक पडलं आणि आतून फुलपाखराऐवजी डझनावारी चिमुकल्या गांधीलमाश्या निघाल्या. त्यांच्या आईने कोष कोवळा असतानाच त्यात अंडी घातली होती. एक मुलगा रडवेला होऊन म्हणाला, "बाई, फसवलं." मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. दोन दिवसांनी त्याच मुलाने विचारलं, सगळ्याच अळ्यांची फुलपाखरं झाली असती तर लिंबाला पान उरलं असतं का? म्हणून म्हणते, असं झालं तर सांत्वन करायची घाई करू नका.

मुलांना गोष्ट सांगायचीच असेल तर मारिया सिबिला मेरियनची सांगा. १६४७ साली जर्मनीत जन्मलेली ही मुलगी तेराव्या वर्षी रेशमाचे किडे पाळून त्यांच्या नोंदी करू लागली. किडे चिखलातून आणि कुजक्या वस्तूंतून आपोआप जन्मतात असं तेव्हा बहुतेकांना वाटे. तिने अंडं, अळी, कोष, पाखरू आणि अळी ज्यावर जगते ती वनस्पती, हे सगळं एकाच चित्रात मांडलं. पुढे १६९९ मध्ये, बावन्नाव्या वर्षी, मुलीला बरोबर घेऊन ती दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेली. कशासाठी? अळ्या बघायला. तुमच्या पाचवीच्या मुलांना तेरावं लागायला अजून अवकाश आहे.

फवारणीबद्दल बोलतेय तर माझाही एक गुन्हा कबूल करते. एकदा आमच्या शेंगांच्या वेलावर मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारे बारीक किडे, पडला. कोवळे शेंडे चिकट झाले, वरखाली मुंग्यांची रांग. त्या माव्यात काळे, नारिंगी ठिपक्यांचे, सुसरीच्या पिल्लासारखे दिसणारे किडे फिरत होते. "हेच ते खलनायक," असं म्हणून मी मुलांकडून एकूण एक वेचून घेतले आणि साबणाच्या पाण्यात टाकले. आठवड्यात मावा दुप्पट झाला. ती लेडीबर्डची पिल्लं होती, आणि मावा हेच त्यांचं जेवण. लाल पाठीचं गोंडस लेडीबर्ड चित्रात सगळ्यांनी पाहिलेलं असतं, त्याचं पिल्लू कुणी दाखवत नाही. मुंग्या तिथे माव्याने सोडलेल्या गोड रसासाठी येतात आणि त्या बदल्यात त्याची राखण करतात. मावा फारच झाला तर पाण्याचा जोरदार फवारा पुरतो. कडुनिंबाचा अर्कही सरसकट मारू नका. तो 'नैसर्गिक' असला तरी अळीला ते कळत नाही.

बाई, मी सातवीत आहे. आम्हाला बागेतल्या एका झाडाची रोज नोंद करायची आहे. मला जास्वंद मिळाली. पहिले चार दिवस लिहिलं, आता रोज 'झाड हिरवं आहे, कळी नाही' एवढंच लिहिते. माझी मैत्रीण तर आठवड्याच्या नोंदी शनिवारी एकदम लिहिते आणि तिला माझ्यापेक्षा जास्त गुण मिळाले. मी काय करू? — इयत्ता सातवीतली एक मुलगी

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. मैत्रिणीचं आधी बोलू आणि संपवू. शनिवारी लिहिलेलं सोमवार ते शुक्रवार म्हणजे निबंध. त्याला निबंधाचे गुण मिळाले असतील, मिळू देत.

तुझी अडचण अशी झालीय की तुला झाड फार मोठं दिलंय. अख्खं झाड कुणालाच दिसत नाही. तू एक फांदी निवड. तिच्या टोकाशी जी सगळ्यात लहान, अजून मिटलेली पानं आहेत त्यांच्याखाली रंगीत दोरा सैल बांध. आता फक्त तेवढंच बघायचं. पट्टीने पानाची लांबी मोज. उद्या पुन्हा मोज. 'झाड हिरवं आहे' याच्या जागी 'दोऱ्यावरचं दुसरं पान काल १४ मिलिमीटर, आज १९' असं आलं की पुढचा प्रश्न आपोआप पडतो: हे कुठवर वाढेल? मग थांबावंसं वाटत नाही.

रोज एकाच वेळेला जा. सकाळचं झाड आणि दुपारचं झाड वेगळं असतं, वेळ बदलली तर बदल झाडात झाला की घड्याळात, ते कळणार नाही. पेन नको, पेन्सिल ने. पावसाच्या थेंबाने शाई पसरते, पेन्सिल राहते. दहा मिनिटं पुरेत, पण ती पूर्ण दहा असू देत. पहिली तीन मिनिटं कंटाळा येतो, ते ठरलेलंच आहे. चौथ्या मिनिटाला मुंगी दिसते.

चित्र काढ. "मला चित्र येत नाही" हे मला कुणी सांगू नये. मोबाइलवर फोटो काढला की डोळा सुट्टीवर जातो. चित्र काढताना मात्र पानाला कातरे किती, ते मोजावंच लागतं.

आणि 'कळी नाही' ही वाईट नोंद नाही, बरं का. 'आज १० मिनिटांत एकही मधमाशी आली नाही, आभाळ भरून आलं होतं' ही फार चांगली नोंद आहे. न दिसणं हेही दिसणंच आहे, फक्त किती वेळ पाहिलं ते लिहायचं. नाही तर 'नाही' आणि 'पाहिलं नाही' यांतला फरक कळत नाही.

इंग्लंडमध्ये रॉबर्ट मार्शम नावाचे एक गृहस्थ होते. १७३६ साली त्यांनी एक साधी वही सुरू केली: पहिलं फूल कधी, कोणत्या झाडाला पालवी कधी, बेडूक कधी ओरडले. वसंताच्या अशा २७ खुणा ते दर वर्षी टिपत राहिले. त्यांच्या मागे घरच्यांनी ती वही १९५८ पर्यंत चालू ठेवली. हवामान बदलल्यावर झाडं किती दिवस आधी फुटतात, याचा शोध घेणाऱ्या शास्त्रज्ञांना आज त्या नोंदी कामी येतात. त्यातली प्रत्येक नोंद तुझ्या 'कळी नाही'इतकीच साधी आहे. शनिवारी एकदम लिहिली असती तर मात्र कुणाच्याच उपयोगाची नव्हती.

एक छोटा खेळ सांगते. घेवड्याचं बी रुजव. रोप वीतभर झालं की त्याच्या खोडावर दर सेंटिमीटरला शाईचा बारीक ठिपका दे. चार दिवसांनी ठिपक्यांमधली अंतरं मोज. कुठली वाढली, कुठली तशीच राहिली? उत्तर मी इथे लिहीत नाही. मला कळव.

माझा मुलगा तिसरीत आहे. शाळेत मुलांना बागेत मातीत हात घालायला लावतात. साप, मधमाश्या, जंतू यांची भीती वाटते. हे आवश्यक आहे का? — एक पालक

माती लागणं आवश्यक आहे, धोका पत्करणं आवश्यक नाही. मातीत धनुर्वाताचे जंतू असतात हे खरं आहे, म्हणून मुलाच्या लशी वेळेवर झाल्यात ना ते पाहा आणि जखम असेल तर हातमोजे द्या. बागेतून आल्यावर साबणाने हात धुणं हा तासाचाच भाग असायला हवा. शाळेला विचारा, नळ जवळ आहे का? हा प्रश्न सापापेक्षा महत्त्वाचा आहे.

साप दगडविटांच्या ढिगात, दाट गवतात लपतात. असे ढीग मुलांनी हाताने उपसायचे नाहीत, आधी मोठ्या माणसाने काठीने हलवायचे. मधमाशी चावली तर तिचा काटा कातडीत राहतो. तो कशाने काढला यापेक्षा किती लवकर काढला हे महत्त्वाचं, नखाने खरवडला तरी चालेल. पण चेहरा सुजला, धाप लागली, अंगभर गांधी उठल्या, तर घरगुती उपाय करत बसायचं नाही, तडक दवाखाना. केसाळ अळीचे केस अंगाला लागले तर चोळू नका, चिकटपट्टी लावून उचला.

कण्हेर आणि धोतरा यांचे सगळे भाग विषारी आहेत. रुईचा चीक डोळ्यात गेला तर इजा होते. रुई मी स्वतः बागेत लावायला सांगते, कारण तिच्यावर एका सुंदर फुलपाखराच्या पट्टेरी अळ्या येतात. पण ती लावायची कुंपणापाशी, लहान वर्गांपासून लांब. तुमची भीती अगदीच चुकीची नाही. फक्त ती घेऊन एक दिवस शाळेत जा आणि मुलाशेजारी बसून एक रोप लावा.

प्रत्येक मुलाला स्वतंत्र वाफा द्यावा की सगळ्यांची मिळून एक बाग असावी? आमच्या शिक्षकांत यावर दोन तट पडले आहेत. — एक मुख्याध्यापक

हा वाद जुना आहे. 'किंडरगार्टन' म्हणजे 'मुलांची बाग' हा शब्द फ्रेडरिक फ्रोबेल यांनी १८४० मध्ये रूढ केला आणि त्यांच्या लेखी ती खरोखरीची बाग होती. त्यांच्या आखणीत प्रत्येक मुलाचे छोटे वाफे मध्ये असायचे आणि सर्वांची सामाईक जागा त्यांच्या भोवतीने. आपलं मध्ये, सगळ्यांचं भोवती. तुमचे दोन्ही तट यात बसतात.

मला भीती आहे ती वाफ्यांच्या स्पर्धेची. पाटीवर नाव आलं की 'उत्कृष्ट वाफा' बक्षीस येतं, आणि बक्षीस आलं की पालक रोपवाटिकेतून फुललेली रोपं आणून खोचतात. आमच्याकडे हे सगळं झालं. त्याच वर्षी एका मुलीने तिच्या वाफ्यातलं तण काढायला साफ नकार दिला. म्हणाली, "ते आधीपासून इथे होतं." मी तिला सगळ्यात कमी गुण दिले. पुढच्या महिन्यात प्रत्येक वाफ्यातले कीटक मोजायचा तास झाला. सगळ्यात जास्त प्रकार तिच्या वाफ्यात निघाले, झेंडूच्या सरळ रांगांत त्याच्या निम्मेही नव्हते. गुण तेव्हाच प्रगतिपुस्तकात गेले होते, बदलता आले नाहीत. तेव्हापासून दर वर्षी एक वाफा मी कुणालाच दिला नाही. त्याला हात लावायचा नाही, फक्त बघायचं. तुम्हीही एक ठेवा. पाहुणे आले की दुसरं दार आहेच.

लांब सुट्टीत बाग वाळून जाते. शिपाईकाकाही सुट्टीवर असतात. उपाय? — पर्यावरण मंडळ, एक माध्यमिक शाळा

बिनरंगी, भाजलेल्या मातीचं साधं मडकं वाफ्यात मानेपर्यंत पुरा, पाण्याने भरा, तोंडावर झाकण ठेवा, नाही तर डास होतील. भोवतीची माती सुकली की ती मडक्याच्या भिंतीतून पाणी ओढून घेते, ओली असली की ओढणं मंदावतं. मडकं रंगवलेलं असेल तर छिद्रं बुजतात आणि काही उपयोग होत नाही. बाकी जमिनीवर चार बोटं जाड वाळल्या पानांचं आच्छादन घाला, खोडाशी थोडी जागा मोकळी सोडून. कुंड्या भिंतीच्या सावलीत एकमेकींना चिकटवून ठेवा. हे सगळं सुट्टीच्या आदल्या दिवशी नको, दोन आठवडे आधी करून पाहा. मडकं किती दिवसांत रिकामं होतं ते मोजा, म्हणजे मधे किती वेळा कुणाला यावं लागेल ते कळेल. त्या फेऱ्या जवळ राहणाऱ्या मुलांनी वाटून घ्याव्यात.

सुट्टीत पाऊस येत असेल तर एक हिशेब लक्षात ठेवा: १ मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला १ लिटर पाणी. २० चौरस मीटरच्या बागेवर १२ मिलिमीटर पडला तर २४० लिटर, म्हणजे बारा मोठ्या बादल्या. सरळ भिंतीची बरणी उघड्यावर ठेवली आणि पट्टी बुडवली की झालं पर्जन्यमापक.

आणि हंगामी रोपं वाळली तर वाळू द्या. परत आल्यावर त्यांचं बी गोळा करा.

बाई, गांडुळाचे दोन तुकडे केले तर दोन गांडुळं होतात का? आमची पैज लागली आहे. एक गांडूळ आम्ही बरणीत धरून ठेवलं आहे. — सहावीतले दोघे

होत नाहीत. जो 'नाही' म्हणाला तो जिंकला. डोक्याकडचा तुकडा पुरेसा मोठा असेल तर कधी कधी जगतो आणि शेपूट पुन्हा वाढवतो. शेपटीकडचा थोडा वेळ वळवळतो, त्यालाच लोक दुसरं गांडूळ समजतात. डोकं कुठलं ते कळत नसेल तर अंगावरचा जाडसर पट्टा शोधा. तो ज्या टोकाला जवळ, तिकडे डोकं.

कापण्यापेक्षा मजेचं काहीतरी करा. जाड कागदावर त्याला क्षणभर ठेवा, खोली शांत करा आणि कान लावा. खरखर ऐकू येईल. गुळगुळीत दिसत असलं तरी त्याच्या अंगाला बारीक ताठ केस असतात.

चार्ल्स डार्विन म्हातारपणी गांडुळं कुंडीत पाळायचे. त्यांना ऐकू येतं का हे बघायला त्यांनी शिट्टी वाजवली, बॅसून नावाचं फुंकून वाजवायचं मोठं वाद्य वाजवून घेतलं, पण गांडुळं ढिम्म. मग कुंडीच पियानोवर ठेवली आणि एक सूर वाजवला, तशी ती सरकन बिळात गेली. कान नव्हते, पण हादरा कळला. १८८१ मध्ये त्यांनी हे सगळं छापलं. तेव्हा ते ७२ वर्षांचे होते. पियानो नसेल तर बाकावर कुंडी ठेवा आणि बाकावर टिचकी मारा.

आणि बरणीतलं ते गांडूळ पत्र टाकायच्या आधी सोडलंत ना? ते कातडीने श्वास घेतं, कातडी सुकली की गुदमरतं. सोडलं नसेल तर हे वाचणं थांबवा आणि जा. सावलीत, ओल्या मातीवर ठेवा, वरून एक पान.